धारेतला खांडा

वर्गाच्या प्रदर्शनाला निघायला अजून वेळ होता, कपडे बदलून झाले होते, म्हणून म्हटलं माझ्या लाकडी चिमणीवरची धूळ तेवढी पुसून घ्यावी. फडकं घेतलं, ती कपाटावरून काढली आणि खिडकीशी नेली. दुपार कलली होती आणि ऊन आडवं येऊन थेट माझ्या मनगटावर पडत होतं. शेपटी पुसली, पोट पुसलं, पाठ पुसली, मानेपाशी आले आणि हात थांबला. मानेवर रेघ नव्हती. बस, एवढंच. कुणाला सांगितलं तर म्हणेल, अहो बाई, रेघ नसणं चांगलंच की. पण माझ्या सुरीला खांडा आहे. कोरीवकामाच्या वर्गात पहिल्याच दिवशी ती माझ्या हातून फरशीवर पडली आणि धारेचा टाचणीच्या टोकाएवढा कपचा उडाला. तेव्हापासून ती लाकडावर जो काही काप घेते, त्यात केसाएवढी एक उंचवट्याची रेघ मागे राहते. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली ती दिसत नाही, पण आडव्या उन्हात दिसते आणि नखाला तर केव्हाही लागते. शेपटीवर रेघा होत्या. पोटावर होत्या. अर्ध्या पाठीपर्यंत होत्या. तिथून पुढे खांदे, मान, गाल, चोच, सगळं स्वच्छ. मी नख फिरवलं. मग डोळे मिटून परत फिरवलं. कुठंही अडकलं नाही.

माणूस आधी स्वतःचीच समजूत घालतो. म्हटलं, मध्ये कधीतरी सुरीला धार लावली असशील. कधी लावली? मला धार लावता येत नाही. मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आणा इकडे, खांडा घालवून देतो," आणि मी म्हटलं होतं, "नको मास्तर, माझी सुरी, माझा खांडा, शिकले की मीच घालवीन." सगळे हसले होते. मग म्हटलं, तेल चोळताना रेघा भरून आल्या असतील. मग शेपटीवरच्या का नाही भरल्या?  आणि नेमकी मान! या चिमणीचं जे काय कौतुक झालं ते त्या मानेचं. ती मागे वळून बघते आहे, कुणीतरी हाक मारल्यासारखी. वर्गातले सगळे म्हणाले, शरीर काय, कुणीही करील, ही मान बघा. मलाही तेच वाटलं होतं. रात्री झोपताना मी ती मान आठवायची, आपण ती कशी काढली ते आठवायचा प्रयत्न करायची, आणि आठवायचं नाही. म्हणायची, जे खरं आतून येतं ते आठवत नसतंच. काय एकेक कल्पना बाई माझ्या!

आमच्या वर्गाचे दोन नियम आहेत. एक, सँडपेपर लावायचा नाही. "घासून गुळगुळीत करायचं असेल तर बाजारातून आणा," मास्तर म्हणतात, "इथं सुरीची खूण दिसली पाहिजे, हात कुणाचा होता ते लाकडानं सांगितलं पाहिजे." दुसरा, काम पूर्ण होईपर्यंत लाकूड घरी न्यायचं नाही, ते वर्गातल्या कपाटात राहील, घरी नेलं की लोक घाई करतात आणि वाट लावतात. सुरी मात्र ज्याची त्यानं घरी न्यायची. आता कळतंय, दुसऱ्या नियमानं मला फसवलं आणि पहिल्यानं ते उघडं पाडलं. दर आठवड्याला मी कपाटातून माझी चिमणी काढायची आणि ती मागच्या वेळेपेक्षा बरी दिसायची. मी एकदा विचारलंसुद्धा. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "असंच असतं. आठवडाभर नजरेआड राहिलं की आपलं काम परकं होतं, मग त्यातलं चांगलं दिसायला लागतं." मी ते वाक्य घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, फोनवर लेकीला सांगितलं, दवाखान्यात सांगितलं. इतका गोड माणूस, पांढऱ्या भुवयांचा, बोटांना कायम तेलाचा वास, आणि तोंडावर धडधडीत खोटं बोलला. आणि मी ते खोटं मिरवत फिरले.

दवाखान्यात म्हणजे कानाच्या दवाखान्यात. तिथं मी लोकांचं ऐकणं तपासते. तपासायची, म्हणायला हवं. काचेच्या बंद खोलीत पेशंट बसवायचा, त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचे, बाहेर बसून अंगठ्यानं बटण दाबत एकेक बारीक आवाज सोडायचा आणि तो ऐकू आला की त्यानं बोट वर करायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण लोकांना परीक्षेत नापास व्हायचं नसतं. आवाज सोडलेलाच नसतो आणि बोट वर! एक आजोबा तर असे, की मी नुसती मान हलवली तरी बोट वर करायचे आणि काचेतून माझ्याकडे बघून हसायचे. मग मी मुद्दाम थांबायची, काहीच न सोडता बसून राहायची, आणि खरं काय ते काढायची. ते माझ्या अंगठ्यात होतं, कुठं थांबायचं ते. मग नवं मशीन आलं. ते स्वतःच आवाज सोडतं, स्वतःच थांबतं, स्वतःच निकाल देतं. डॉक्टर म्हणाले, "आता तुम्ही निवांत बसा." मी हेडफोन पुसते आणि चढवते. माझे हात असे रिकामे झाले की घरी येऊन मी ते मांडीखाली घेऊन बसायची. त्याच दिवसांत वाचनालयाच्या दारावर कोरीवकामाच्या वर्गाची पाटी दिसली. मला लाकडात काडीचा रस नव्हता. पण पाटीवर लिहिलं होतं, काहीही येत नसलं तरी चालेल. ते वाचून मी तिथंच उभी राहिले.

कारण मला काहीही येत नाही असं आयुष्यात कुणी कधी म्हणूच दिलेलं नाही. माझं सगळं कुणीतरी आधीच नीट करून ठेवलेलं. शाळेत रुमालावर फूल भरायला दिलं होतं. मी भरलं, आईनं मी झोपल्यावर उसवून परत भरलं, आणि बाईंनी तो रुमाल सगळ्या वर्गाला दाखवला. मला टाके ओळखू आले होते. आईला विचारलं तर म्हणाली, "राहू दे गं, तुझंच आहे ते." चित्रकलेची वही दादानं भरली. लग्न झालं तर नवरा मिळाला तो वजनकाटे दुरुस्त करणारा. दुकानादुकानांतून जायचं, काटा तपासायचा, केसाएवढा फरक असला तरी सारखा करायचा. स्वभावानं देवमाणूस. मी दाराला कुलूप लावलं की हा एकदा ओढून बघणार. मी घडी घातलेली चादर हा उलगडून परत घालणार. मी पार्सल बांधलं की, "राहू दे, मी करतो." रागानं नाही हो, प्रेमानं! कधी आवाज चढवला नाही. तुम्हीच सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून सुरू करायचं? पण त्या वर्गात, त्या मऊ पांढरट लाकडाच्या ठोकळ्यासमोर, अंगठ्याला चामड्याची टोपी चढवून मी बसले आणि पहिला काप उलटा गेला, लाकूड उचकटलं, भला मोठा टवका निघाला, तेव्हा कुणीही राहू दे म्हणालं नाही. मास्तर एवढंच म्हणाले, "लाकडात धागे असतात, त्यांना नस म्हणा. नस कुठं चालली आहे ते बघा, तिच्या उलट गेलात की ती चिडते." मी घरी आले ती बोटांना पट्ट्या बांधून. जेवणात लक्ष नव्हतं. नवऱ्याला वाटलं मी खचले. मी खचले नव्हते, मी त्या नसेचा विचार करत होते. त्यानं विचारलंही नाही.

"अगं, झालं का?" तो दारात उभा होता, नवा शर्ट घालून. "गाडी बोलावतो, मग पुन्हा…" त्याची वाक्यं अशीच अर्ध्यावर संपतात. आयुष्यभराची सवय आहे.

"ही मान कुणी केली?"

"कुणाची मान?"

"चिमणीची."

"तू केलीस. म्हणजे हा काय…"

"इकडे ये. नख फिरव इथं. आता इथं फिरव."

त्यानं फिरवलं. केसाएवढा फरक ओळखण्यात ज्याचा जन्म गेला त्याला काय सांगायचं? त्याचं बोट मानेवर जरा जास्त वेळ राहिलं. मग तो म्हणाला, "मास्तर सगळ्यांच्याच कामावर शेवटचा हात फिरवतात, असं मी ऐकलेलं आहे."  माझा नवरा खोटं बोलतो तेव्हाच वाक्य पूर्ण करतो.

"कुणाकडून ऐकलं आहेस?"

तो पलंगावर बसला. "तू त्या पहिल्या दिवशी आलीस ना, तुझा चेहरा मला… दवाखान्यातलं ते मशीन, त्यात हे. मी सहज फोन केला मास्तरांना. म्हटलं, जरा सांभाळून घ्या, ती मनाला फार…"

"सांभाळून घ्या म्हणजे मागच्या मागे कापून ठेवा?"

"ते त्यांनी त्यांचं… मी फक्त म्हटलं, तिला जमू दे."

"आणि तुला माहीत होतं. दर आठवड्याला मी येऊन सांगत होते, आज मान वळली, आज चोच निघाली, आणि तू समोर बसून 'वा' म्हणत होतास."

"लेकही म्हणाली, रमतेय ना आई, मग बाबा, तुम्ही कशाला…"

"लेकीलाही माहीत आहे?"

त्यानं मान डोलावली. मी चिमणी घट्ट धरून उभी होते. मला ओरडायचं होतं, पण ओरडायला समोर कुणी दुष्ट माणूस लागतो. दुसरी बाई असती तर परवडलं असतं, तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. इथं झिंज्या कुणाच्या उपटायच्या? तिघंही माझ्या भल्यासाठी एकत्र आलेले. तिघांनी मिळून ठरवलं की हिला काही जमणार नाही, आणि मग मला ते कळू नये म्हणून केवढी काळजी घेतली! हा विश्वासघात होता. शब्द मोठा आहे, एका लाकडी चिमणीसाठी वापरायला लाज वाटते, पण दुसरा सापडेना. माझी एक गोष्ट होती, एकच, आणि तीही माझी नव्हती. मला ते आजोबा आठवले. मास्तर आवाज सोडतच नव्हते, आणि मी आपली दर आठवड्याला बोट वर करून काचेतून हसत होते.

"बाहेर जा," मी म्हटलं.

"अगं, गाडी…"

"बाहेर जा म्हटलं ना!"

स्वयंपाकघरात गेले, जुनं वर्तमानपत्र पसरलं, अंगठ्याला टोपी चढवली, सुरी काढली. डोक्यात एकच होतं: जिथं जिथं रेघ नाही तिथं तिथं माझी रेघ घालायची. पूर्ण चिमणी माझ्या खांड्यानं भरून टाकायची, मग बघू कुणाची ते. आधी डावा खांदा घेतला. नस शेपटीकडे चालली होती, तिच्या कलानं गेले. सालपट अलगद निघालं, कांद्याच्या पातीएवढं पातळ, आणि खाली माझी रेघ उमटली. दुसरं घेतलं. तिसरं.  मला येत होतं! म्हणजे या सगळ्या महिन्यांत मी शिकले होते, त्यांच्या नकळत, माझ्याही नकळत. उजवा खांदा तर असा उतरला की मी हातातली सुरी ठेवून त्याच्याकडे बघत बसले.  मास्तरांनी केलेल्यापेक्षा तो जरा बोजड होता, एका बाजूला झुकलेला, पण होता माझाच. इथंच थांबायला हवं होतं. थांबायचं कुठं ते ज्या अंगठ्याला सगळ्यात चांगलं कळतं, तोच अंगठा पुढे सरकला. मानेशी लाकूड बारीक, आणि तिथं नस आडवी. मास्तर नेहमी बजावतात, आडव्या नसेला जपा, ती सांगून तुटत नाही. मी सुरी लावली. टक्कन आवाज झाला. डोकं उडालं, ओट्याच्या कडेला आपटलं आणि फ्रिजखाली गेलं.

तो लगेच आला. दाराबाहेरच उभा असणार. काही विचारलं नाही, नव्या शर्टासकट जमिनीवर आडवा झाला, फूटपट्टी घालून फ्रिजखालून डोकं बाहेर काढलं, फुंकर मारून धूळ उडवली, मानेच्या दोन्ही बाजू उजेडात धरून बघितल्या आणि म्हणाला, "राहू दे. मी चिकटवतो. कुणाला दिसणारसुद्धा नाही." तिन्ही वाक्यं पूर्ण. ड्रॉवरमधून डिंकाची ट्यूब काढली. मी डोकं नसलेली चिमणी पिशवीत टाकली आणि चपला घातल्या. त्यानं डोकं खिशात घातलं, ट्यूबही घातली.  गाडीत सिग्नलला त्याचा हात खिशात गेला, सगळं जागेवर आहे ना ते बघायला.

वाचनालयाच्या मोठ्या खोलीत टेबलं मांडली होती, प्रत्येकाच्या कामापुढं जागा. माझी जागा अगदी दारासमोर, पहिली. शेजारी वर्गातल्या दातांच्या डॉक्टरांचं घुबड. या घुबडाला मी मनातल्या मनात बटाटा म्हणायची. डॉक्टर असून हात असा कसा, म्हणून कीव करायची, घरी येऊन नक्कलसुद्धा करायची. आज त्याच्याकडे बघितलं. एक डोळा वर, एक खाली, आणि अंगभर त्यांच्या सुरीचे आखूड, घाबरट काप. प्रत्येक त्यांचा. मला त्या बटाट्याचा असा हेवा वाटला की बघवेना. मी पिशवीतून चिमणी काढून मांडली. मास्तर हसत हसत आले आणि हसणं अर्ध्यावर राहिलं.

"हे काय केलंत हो?"

"माझं काम आणलं."

त्यांनी ती उचलली, चष्मा सरसावला, अंगठ्याचं नख खांद्यावरून फिरवलं. ते अडकलं. परत अडकलं. मग ते माझ्याकडे बघेनात. "खांडा," ते हळूच म्हणाले, "खांडा माझ्या लक्षातच राहिला नाही."

"सगळ्यांचं करता असं?"

"नाही." त्यांच्या भुवया खाली आल्या. "फक्त तुमचं. तुमचे यजमान म्हणाले… मला वाटलं तुम्ही सोडून जाल."

"गेले असते कदाचित. मग ते माझं मी सोडलं असतं."

"खांदे चांगले उतरवलेत," ते म्हणाले. कदाचित खरंच म्हणाले असतील. पण त्यांचं कुठलं वाक्य खरं धरायचं ते आता मला ठरवता येईना, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच आला. चांगलं म्हणायची सोयही यांनी ठेवली नव्हती.

लोक यायला लागले. माझ्यापाशी येऊन जरा थबकायचे, नजर डोक्याच्या जागी जायची, मग सभ्यपणे घुबडाकडे वळायचे. नवरा माझ्या मागे उभा. खिशात त्याची बोटं ट्यूबचं झाकण फिरवत होती, मला न बघता कळत होतं. तेवढ्यात दारातून ते आजोबा आले, दवाखान्यातले, काचेतून हसणारे. कानात आता यंत्र होतं, तरी यंत्र आणि ते यांचं फारसं जमत नसावं. मला बघून खूश झाले. चिमणीवर वाकले आणि बहिरी माणसं बोलतात तसे खणखणीत आवाजात म्हणाले, "छान आहे हो! पण हिची मान कुठं गेली?"

खोलीत सगळ्यांनी वळून बघितलं. "आहे, आहे," नवरा पुढे झाला, डोकं आणि ट्यूब दोन्ही बाहेर काढत. "प्रवासात जरा निखळली होती, मी आत्ता लावून देतो." मास्तर टेबलाच्या पलीकडून अंगठ्यानं त्याला खुणावत होते, लावा, लावा. दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, आईच्या चेहऱ्यावर असायचा तो. मी नवऱ्याच्या तळहातावरून डोकं उचललं. काय सुंदर केलं होतं मेलं! गालाशी तो बारीकसा खळगा, जरा उघडी चोच. टेबलापलीकडे हात नेऊन मी ते मास्तरांसमोर ठेवलं.

"कुठं गेली?" आजोबांनी पुन्हा विचारलं.

हळू बोलून उपयोग नव्हता. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "ती माझी नव्हती! मान मास्तरांनी केली होती, मला न सांगता! माझं फक्त एवढंच आहे!"

आजोबा माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग गोड हसले आणि सवयीनं त्यांनी बोट वर केलं. त्यांना काय ऐकू आलं, देव जाणे. बाकीच्या खोलीला आलं होतं.